गाळलेल्या जागा

"काहीही बोला, ताई," डॉक्टर निनाद अळतेकर म्हणाले. "पहिला शब्द कुठलाही चालेल."

वैजयंतीबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. कानामागे नुकताच चिकटवलेला रुपयाएवढा बिल्ला त्यांना कोमट लागत होता. समोर त्यांची मुलगी गार्गी भिंतीला टेकून उभी होती. त्यांचे जुने हार्मोनियमवादक इस्माईलभाई शिकलगार दाराशी हातातली टोपी उगाचच चुरगाळत होते. गेल्या सत्तावीस वर्षांत या बाईंच्या तोंडून कुजबुजीपलीकडे कुणी काही ऐकलेलं नव्हतं.

बाईंनी श्वास घेतला आणि म्हटलं, "गार्गी!"

पुण्यातल्या त्या संशोधन केंद्राची छोटी खोली आवाजानं भरून गेली. तोच आवाज. खाली भरदार, वर जाताना किंचित धारेचा, लोकांनी रेडिओवर ऐकला की हातातलं काम थांबवावं असा. इस्माईलभाईंनी टोपीनंच डोळे पुसले. डॉक्टरांच्या सहायक मुलींनी टाळ्या वाजवल्या. गार्गी मात्र भिंतीपासून सुटून एकदम सरळ उभी राहिली होती. हजेरीच्या वेळी मुलं उभी राहतात तशी, हात अंगालगत. सेहेचाळीस वर्षांची बाई. आपण असे का उभे आहोत हे लक्षात आल्यावर ती ओशाळली, हसली आणि पुढे येऊन आईच्या गळ्यात पडली.

वैजयंती म्हांबरे हे नाव दोन हजार सेहेचाळीस सालीही लोक विसरलेले नव्हते. म्हापशाची मुलगी, लग्न होऊन मिरजेला आली, आणि पुढची वीस वर्षं मराठी भावगीत म्हणजे तीच, असं लोक म्हणत. 'उंबऱ्याशी थांबली गं सांज माझी' हे तिचं गाणं लग्नघरात वाजायचं आणि अंत्ययात्रेहून परतलेल्या घरातही. चव्वेचाळिसाव्या वर्षी गळ्यात गाठ निघाली. ती काढताना स्वरयंत्राकडे जाणारी नस वाचवणं शक्य झालं नाही. जीव राहिला, आवाज गेला.

उरली ती कुजबुज. ती ऐकायला माणसाला अगदी जवळ यावं लागे. गार्गी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तोवर तिच्या लेखी आई म्हणजे दौऱ्यावर असलेली बाई. घरी असली तर रियाजात, आणि रियाजात नसली तर चिडलेली. कुजबुजत चिडता येत नाही. गार्गी आईच्या तोंडाशी कान नेऊन बसायला लागली आणि त्या दोघींची ओळख खऱ्या अर्थानं तेव्हा झाली. पुढे गार्गीचं लग्न मोडलं, वडील मनोहर वारले, आणि मिरजेच्या त्या फ्लॅटमध्ये मायलेकी दोघीच राहिल्या. बाजारात, बँकेत, डॉक्टरांकडे बाई कुजबुजत आणि गार्गी ते मोठ्यानं सांगे. लोकांना वाटे, हिला आईचं मन वाचता येतं.

म्हणूनच डॉक्टर अळतेकर पहिल्यांदा मिरजेला आले तेव्हाही बोलणं गार्गीमार्फतच झालं होतं.

"तुमच्या मेंदूनं गाणं सोडलेलं नाही," डॉक्टर म्हणाले होते. "तुम्ही मनात 'सा' लावला की मेंदूतून हुकूम सुटतो. गळ्यापर्यंतचा रस्ता तेवढा तुटलाय. आम्ही कवटीच्या आत टपाल तिकिटाएवढी एक जाळी बसवतो. ती हुकूम ऐकते. कानामागचा बिल्ला तो हुकूम वाचतो आणि गळ्याच्या स्नायूंत बसवलेल्या केसासारख्या तारांना पोचवतो. स्नायू हलतात, आवाज निघतो. आवाज तुमचाच, गळा तुमचाच."

"मग अडतं कुठे?" गार्गीनं विचारलं.

"इतकी वर्षं वापर नसल्यामुळे हुकूम अर्धवट झालाय. शाई उडालेल्या पत्रासारखा. कुठे एखादा स्वर वाचता येतो, कुठे येत नाही. जे वाचता येत नाही ते बिल्ला अंदाजानं भरतो. मोबाइलवर दोन अक्षरं लिहिली की पुढचा शब्द तो सुचवतो ना, तसं. शाळेत असायचं बघा, गाळलेल्या जागा भरा."

बाई हसल्या आणि काहीतरी कुजबुजल्या. गार्गीनं सांगितलं, "आई म्हणते, आमच्यात जागा म्हणजे वेगळं. गाता गाता गायकाला जे सुचतं आणि तो घेतो, ती जागा. ती दुसऱ्यानं भरायची नसते."

डॉक्टरही हसले. अंदाज करायचा तर बिल्ल्याला बाईंचं गाणं-बोलणं ठाऊक हवं, जेवढं जास्त तेवढं बरं, असं त्यांनी सांगितलं. ध्वनिमुद्रिका होत्या, आकाशवाणीच्या मुलाखती होत्या. पण सगळ्यात मोठा साठा इस्माईलभाईंकडे निघाला. रियाजाला बसलं की रेकॉर्डर चालू ठेवायचा आणि उठताना बंद करायचा ही त्यांची सवय. त्यामुळे दोन गाण्यांच्या मधलं घरातलं बोलणंही त्यात आलेलं होतं, चहा सांगणं, नवऱ्याला हाक मारणं, सगळं. ते ऐकून, निवडून, स्वच्छ करून देण्याचं काम गार्गीनं अंगावर घेतलं. उन्हाळाभर ती कानाला हेडफोन लावून पुढच्या खोलीत बसलेली असे. काय ऐकलंस, असं बाईंनी विचारलं की ती म्हणे, "तुझंच. दुसरं काय असणार?"

आवाज परत आल्याची बातमी चार दिवसांत महाराष्ट्रभर झाली. एका मोठ्या संयोजक संस्थेनं दौरा आखला. कोल्हापूर, सोलापूर, नाशिक, नागपूर, इंदूर आणि शेवटी मडगाव. बाई रोज सकाळी इस्माईलभाईंबरोबर बसू लागल्या. पहिले काही आठवडे गळा आणि मन एकमेकांशी अडखळत चालले आणि मग एके दिवशी चाक खाचेत बसावं तसं गाणं बसलं. इस्माईलभाई भात्यावरचा हात थांबवून म्हणाले, "ताई, मी म्हातारा झालो, तुम्ही नाही झालात."

"मी झालेय," बाई म्हणाल्या. "तेच गायचंय मला."

त्यांनी ठरवलं होतं ते असं. 'सांज माझी' या शब्दांवर मूळ ध्वनिमुद्रिकेत आवाज वरच्या षड्जापर्यंत जातो, तिथे तीन वळणं घेतो आणि खाली उतरतो. श्रोत्यांना ती जागा तोंडपाठ होती. पण तिशीतल्या बाईनं सांज म्हणणं वेगळं आणि बहात्तराव्या वर्षी म्हणणं वेगळं. आता तिथे वर जायचंच नाही. पंचमावर शब्द ठेवायचा, बोलल्यासारखा, आणि अर्ध्यावर सोडून द्यायचा. इस्माईलभाईंना ते ऐकूनच पटलं. "तिथं मी पेटीसुद्धा थांबवतो," ते म्हणाले.

कोल्हापूरला नाट्यगृह भरून लोक बाहेरच्या पडद्यासमोर उभे होते. बाई व्यासपीठावर आल्या तेव्हा सगळे उठले आणि बराच वेळ बसायलाच तयार होईनात. पहिली गाणी छान झाली. मग 'उंबऱ्याशी थांबली गं' सुरू झालं आणि ती ओळ आली. बाईंनी पंचमाचा श्वास घेतला. मनात शब्द ठेवलाही.

गळा वर गेला.

वरच्या षड्जावर आवाज लखलखीत उभा राहिला, त्यानं तीन वळणं घेतली, मुद्रिकेत होती अगदी तशी, आणि तो खाली उतरला. थांबलेल्या पेटीवर इस्माईलभाईंची बोटं धडपडत वरच्या पट्ट्यांकडे गेली. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पुढच्या रांगेतली एक बाई रडत ओरडली, "अगदी तस्संच! अगदी तस्संच!"

मध्यंतरात इस्माईलभाईंनी हळूच विचारलं, "बेत बदललात का ताई?"

"मी नाही बदलला," बाई म्हणाल्या. "मी पंचमच धरला होता, इस्माईलभाई."

पुण्याला डॉक्टरांनी बिल्ल्यातली सगळी नोंद पडद्यावर काढून पुन्हा पुन्हा पाहिली.

"सुरुवातीला तुमच्या मेंदूचा हुकूम साठ टक्के होता, चाळीस आम्ही भरत होतो," ते म्हणाले. "आता उलटं झालंय. किंबहुना त्याहून वाईट."

"म्हणजे बिल्ला बिघडलाय?" गार्गीनं विचारलं.

"नाही, तो उत्तम चाललाय. अडचण मेंदूची आहे. मेंदू फार काटकसरी असतो. जे काम दुसरं कुणी बिनबोभाट करून देतंय, त्यावर तो शक्ती घालवत नाही. प्लास्टरमधला हात बारीक होतो ना, तसं. ताई नुसती ओळ सुरू करतात, बिल्ला पुढची पूर्ण करतो, आणि मेंदूला वाटतं, झालं काम. मग पुढच्या वेळी तो हुकूम आणखी पुसट सोडतो. आणि अंदाज जुन्या गाण्यावरून होतो, त्यामुळे जुनंच बाहेर येतं. तुम्हाला आज काय सुचलं, ते त्याला कळायला मार्ग नाही."

"मग मदत कमी करा," गार्गी म्हणाली.

"करता येईल. आवाज फाटेल, मध्येच तुटेल. पण मेंदू पुन्हा कामाला लागेल. सहा महिने तरी जाहीर गाणं नाही."

"आणि वाढवली तर?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तर दौरा निर्विघ्न होईल. पण ताई, मग त्यात तुम्ही किती असाल हे मी सांगू शकत नाही. आणि हे फक्त गाण्यापुरतं राहील असंही नाही."

परतताना गाडीत गार्गी आईचा हात धरून म्हणाली, "थांब ना गं सहा महिने. मी आहे ना. पूर्वीसारखं राहू."

"बहात्तराव्या वर्षी सहा महिने कोण देतं?" बाई म्हणाल्या. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. कोल्हापूरच्या त्या टाळ्या अजून त्यांच्या कानांत होत्या. सत्तावीस वर्षं आपण जिवंत असून लोक आपल्याबद्दल 'होत्या' म्हणत होते. पंचम धरला काय आणि षड्ज लागला काय, परत 'आहेत' म्हणायला लागले होते. "मी वाढवायला सांगितलीय," त्या म्हणाल्या.

गार्गीनं हात काढून घेतला नाही.

सोलापूर, नाशिक, दोन्ही कार्यक्रम निर्विघ्न झाले. वर्तमानपत्रांनी चमत्कार म्हटलं. बाईंना मात्र आता गाताना आपण दुसऱ्या कुणाच्या मांडीवर बसून गाडी हाकतोय असं वाटू लागलं होतं. हात चाकावर, पण वळवणारं कुणी वेगळं. आणि मग ते बोलण्यातही आलं. चहा नको म्हणायचं होतं, तोंडातून आलं, "चहा कडक कर गं, काल नुसतं पाणी होतं." गार्गी हसली. पुढच्या आठवड्यात इस्माईलभाई जायला निघाले तेव्हा बाई त्यांना सावकाश जा म्हणायला दारापर्यंत आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अहो, छत्री घेतलीत का?"

बाहेर कोरडं ऊन होतं. 'अहो, छत्री' हे त्या मनोहरांना म्हणायच्या, आणि मनोहर जाऊन बारा वर्षं झाली होती. इस्माईलभाई मान खाली घालून म्हणाले, "घेतली." आणि जिना उतरून गेले. गार्गी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत वळली आणि नळ मोठा सोडून भांडी घासू लागली.

बाईंनी डॉक्टरांना फोन केला नाही. नागपूर, इंदूर, मडगाव एवढंच उरलं होतं. मडगावला गायचं आणि मग बघू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. आपल्या मुलखात, आपल्या माणसांपुढे शेवटचं गायचं.

नागपूरला गार्गी त्यांच्याबरोबर गेली नव्हती. पोट बरं नाही, म्हणाली होती. बरेच दिवस तिचं पोट बरं नव्हतं, आणि ॲसिडिटी आहे एवढंच ती सांगे. त्यामुळे कार्यक्रमाच्या संध्याकाळी मेकअपच्या खोलीचं दार उघडून ती आत आली तेव्हा बाईंना आधी आनंदच झाला. मग आरशात तिचा चेहरा दिसला. गार्गी प्रवासानं मळलेली होती, आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसत होता.

"आई, मला तुझ्याशी बोलायचंय," ती म्हणाली. "फोनवर सांगायचं नव्हतं."

बाईंना म्हणायचं होतं, ये, बस. काय झालं, बाळा? त्यांनी तोंड उघडलं.

"आत्ता नको, गार्गी," त्यांचा आवाज म्हणाला. "दार लावून घे."

स्वर अगदी ओळखीचा होता. रागीटसुद्धा नाही. वैतागलेला, तंबोऱ्यावरची नजर न काढणारा. गार्गीचा हात अजून दाराच्या कडीवर होता. ती आईकडे बघत राहिली, काहीतरी आणखी येईल म्हणून थांबल्यासारखी. बाईंनी पुन्हा ओठ हलवले.

"किती वेळा सांगायचं?" आवाज म्हणाला.

"बरं," गार्गी म्हणाली, आणि तिनं बाहेर जाऊन दार लावून घेतलं.

बाई उठल्या. त्या दारापर्यंत गेल्याही. तेवढ्यात तिसरी घंटा झाली. दुसऱ्या बाजूच्या दारातून संयोजक आत डोकावला, "ताई, पडदा उघडतोय." पलीकडून हजार माणसांची कुजबुज ऐकू येत होती. बाई दोन दारांच्या मध्ये उभ्या राहिल्या, आणि मग पदर सारखा करून व्यासपीठाकडे चालू लागल्या.

बिल्ला फक्त गळा हलवत होता. पाय त्यांचे स्वतःचे होते.

कार्यक्रम संपल्यावर हार घालायला आलेल्या माणसांना बाजूला सारत इस्माईलभाई आत आले आणि दार लावून बसले. गार्गी त्यांना बाहेरच्या व्हरांड्यात भेटली होती.

"ती परतीच्या गाडीनं गेली," ते म्हणाले. "ताई, तिच्या पोटात गाठ आहे. लिव्हरपर्यंत पोचलीय. ऑपरेशन होण्यासारखं राहिलेलं नाही म्हणतात. परवापासून मिरजेच्या हॉस्पिटलात औषधं सुरू करणार. किती दिवस माहीत होतं विचारलं, तर म्हणाली, नाशिकच्या आधीपासून. तुमचा दौरा मोडू नये म्हणून..."

बाईंनी फोन उचलला. बोलायची हिंमत नव्हती. त्यांनी लिहिलं, 'गार्गी, ते मी बोलले नाही. ते यंत्र बोललं. मला काय म्हणायचं होतं ते तुला ठाऊक आहे.'

उत्तर यायला वेळ लागला. गाडीत रेंज नसेल.

'आई, यंत्राला ते कुठून येणार? तू हेच म्हणायचीस. रेकॉर्डिंग मीच निवडली. आधी दाराचा आवाज येतो, मग माझा, मग तुझा. किती ठिकाणी आहे. मला राग नाही. तू दौरा पूर्ण कर.'

बाईंनी कानामागचा बिल्ला उपटून टेबलावर ठेवला. पूर्वी रात्री झोपताना तो काढला की त्यांची जुनी कुजबुज परत येई आणि अंधारात मायलेकी थोडं बोलत. अलीकडे कित्येक आठवड्यांत त्यांनी तो काढलाच नव्हता. त्यांनी गार्गीला फोन लावला, तिनं 'हॅलो' म्हटलं, आणि बाईंनी तिचं नाव घेतलं. नुसती हवा निघाली. पुन्हा घेतलं. पुन्हा हवा. "आई? ऐकू येत नाहीये," गार्गी दोनदा म्हणाली आणि फोन तुटला. गाण्याबरोबर मेंदूनं कुजबुजणंही सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी डॉक्टर अळतेकरांना लिहिलं. बिल्ला नुसता काढून ठेवायचा नाही. बिल्ल्यात नि जाळीत माझं जे काही साठवलंय ते पुसून टाका.

डॉक्टरांचा लगेच फोन आला, इस्माईलभाईंनी तो बाईंच्या कानाला लावला. "ताई, घाई करू नका. एकदा पुसलं की ती जाळी मेली. पुन्हा बसवायला कवटी उघडावी लागेल आणि या वयात मी ती उघडणार नाही. कुजबुज परत येईल का म्हणाल, तर कदाचित. वर्ष, दोन वर्षं. खात्री नाही."

बाईंनी इस्माईलभाईंना मानेनं खूण केली. "ताई हो म्हणतायत," इस्माईलभाई म्हणाले. मग फोनवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "नीट विचार केलाय ना?" बाईंनी पुन्हा मान हलवली, आणि डॉक्टरांनी पुण्याहूनच सगळं पुसून टाकलं.

नागपूरहून मिरजेपर्यंतच्या प्रवासात त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. मैफल जमून आल्यावर वाटतं तसं. आयुष्यात प्रथमच आपण गार्गीसाठी काहीतरी सोडून दिलं होतं, आणि जे सोडलं ते लहानसहान नव्हतं. ते तिला कसं सांगायचं याची वाक्यं त्या फोनवर लिहीत होत्या, पुसत होत्या.

हॉस्पिटलात गार्गी खिडकीजवळच्या खाटेवर होती. हाताला सलाइन लावलेलं. आईला बघून ती उठून बसायला लागली. बाईंनी तिला खांद्याला धरून निजवलं आणि फोन तिच्यापुढे धरला. त्यावर लिहिलं होतं, 'तो आवाज मी पुसून टाकला. कायमचा. आता तुला तसं कधीही ऐकावं लागणार नाही.'

गार्गीनं ते वाचलं. परत वाचलं. मग आईच्या कानामागे, बिल्ल्याच्या जागी राहिलेल्या गोल फिकट डागाकडे तिनं पाहिलं.

"मला विचारायचंस तरी," ती म्हणाली.

बाईंनी फोन खाटेवर ठेवला.

"आई, त्या रेकॉर्डिंगमध्ये नुसतं 'आत्ता नको' नव्हतं गं." गार्गीचा श्वास पुरत नव्हता, ती थांबत थांबत बोलत होती. "तुला आठवत नसेल. मला गोवर आला होता तेव्हा तू रियाज अर्धा टाकून आत आलीस, ते आहे. माझ्या डोक्याला तेल लावता लावता काहीतरी गुणगुणतेस, ते आहे. एकदा मी दाराबाहेर बसून ऐकत होते आणि तिथंच झोपले. तू मला उचललंस आणि बाबांना म्हणालीस, बघा, केवढी जड झालीय. ते मी सतरा वेळा ऐकलंय. ते पण आलं असतं ना कधीतरी? आज नाही तर उद्या आलं असतं." तिनं डोळे मिटले. "वाट बघितली असती मी. दाराबाहेर बसायची सवय आहे मला."

बाईंनी फोन हातात घेतला. बोटं अक्षरांवर ठेवली. शेवटी फोन उशीजवळ ठेवून त्या गार्गीचे पाय चेपायला लागल्या.

औषधांनी गार्गी दिवसेंदिवस खंगत गेली. तिला आता आईचं बोलणं कुणाला मोठ्यानं सांगायचं नव्हतं की कुणाची समजूत काढायची नव्हती. आईनं भरवलं तर ती दोन घास खाई. बाई खाटेशेजारच्या स्टुलावरून हलत नसत. कधी गार्गी म्हणे, "बोल ना काहीतरी," आणि मग स्वतःच म्हणे, "राहू दे." बाई रोज तिच्या कानाशी तोंड नेऊन प्रयत्न करत. गार्गीला कानावर फक्त ऊब लागत असे.

एका दुपारी इस्माईलभाई डाळिंबं घेऊन आले. बराच वेळ ते इकडचं तिकडचं बोलत राहिले.

"ताई, इंदूरचा कार्यक्रम त्यांनी रद्द केला नाही," ते अखेर म्हणाले. "आपल्या डोक्यातलं पुसलं गेलं, पण बिल्ला ज्याच्यावरून गाळलेल्या जागा भरायचा तो तुमच्या आवाजाचा सगळा नमुना संयोजकांकडं आहे. करारात तसं होतं म्हणे. ताई आजारी आहेत, पण त्यांचा आवाज येईल, असं जाहीर केलं. तिकिटं कुणी परत नाही केली. मला साथीला बोलावलं होतं." ते डाळिंबाच्या पिशवीची गाठ सोडत राहिले. "नाही म्हणालो. पण पेटी वाजवणारे खूप आहेत."

बाईंनी मान हलवली. त्यांना राग आला नाही. राग यायला कुठेतरी आवाज लागतो असं त्यांना वाटून गेलं.

इंदूरच्या कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी गार्गीला खूप वेदना होत होत्या. सिस्टर सुई देऊन गेली आणि परत येऊन सलाइन बदलू लागली. तिच्या खिशातल्या मोबाइलवर बारीक आवाजात तोच कार्यक्रम चालू होता. मिरजेत त्या संध्याकाळी बऱ्याच घरांत चालू असेल. ती नवी होती, स्टुलावर बसलेली ही मुकी बाई कोण हे तिला माहीत नव्हतं.

निवेदक सांगत होता की आता वैजयंतीताईंचं एक अगदी नवं गाणं, तरुण कवीचं, तरुण संगीतकाराचं, आज पहिल्यांदाच. मग ते सुरू झालं.

बाई ऐकू लागल्या. शब्द त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. चाल कधी ऐकलेली नव्हती. आवाज त्यांचा होता, श्वास घेण्याची पद्धत त्यांची होती, 'ळ' म्हणतानाची जिभेची ती गोव्याकडची लकबसुद्धा. त्यांना स्वतःला एकही नवा शब्द उच्चारता येत नव्हता, आणि तिकडे इंदूरला तो आवाज नवीन गाणं म्हणत होता. चाल चांगली होती. अंतऱ्यात एका ठिकाणी त्यांनी घेतली असती तशीच जागा त्यानं घेतली.

गार्गीनं डोळे उघडले. "हे कधी गायलीस?"

बाईंनी मान हलवली. कधीच नाही.

"छान आहे," गार्गी म्हणाली. तिनं सिस्टरकडे मान वळवली. "सिस्टर, थोडं मोठं करा ना."

सिस्टरनं मोबाइल खिशातून काढून उशीजवळ ठेवला आणि आवाज वाढवला. गार्गी कुशीवर वळली, तिचा एक हात आईच्या हातात होता. कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल झाल्या. गाणं दुसऱ्या अंतऱ्याला पोचेपर्यंत तिचा श्वास संथ झाला होता.

"झोपल्या वाटतं," सिस्टर हलकेच म्हणाली आणि मोबाइलकडे हात नेत तिनं विचारलं, "बंद करू का, आजी?"

वैजयंतीबाईंनी मोकळा हात वर केला आणि हातानंच सांगितलं, असू दे.